लोणावळा नको

परवा सकाळी बबनभाऊंनी मागच्या खळ्यात भाताचा पहिला भारा फळीवर आपटला, आणि मी हातातला चहा तसाच ठेवून दारात आले. दरवर्षी येते. पेंढ्याचा, धुळीचा आणि इंद्रायणी भाताचा असा एकत्र वास आमच्या कुसगावात याच दिवसांत सुटतो. पूर्वी तो नाकात गेला की मला नुसत्या शिंका यायच्या. यंदा रडू आलं. वय झालं म्हणायचं, दुसरं काय!

बबनभाऊ म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. हे गेल्यापासून आमचं भाताचं खाचर तेच बघतात. माणूस फटकळ, आणि मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

"वयनी, औंदा दाना लय चांगला भरलाय," ते म्हणाले. "पर तुमच्यात खानार कोन आता?"

"तुम्ही आहात की खायला. कधी नाही म्हणालात?"

ते हसले आणि पुन्हा भारा उचलला. मी आत आले, ओट्याला टेकून उभी राहिले, आणि चहा गार होईपर्यंत तशीच उभी होते.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरात एक गाव निवडायचं काम चाललं होतं. माझ्या मुलाला, नितीनला, त्याच्या कंपनीनं मेलबर्नला पाठवायचं ठरवलं होतं. नव्या वर्षात रुजू व्हायचं होतं. वराळ्याचा फ्लॅट सोडून, सोफा, फ्रिज, सायकली विकून तो, सूनबाई प्राजक्ता आणि दोन्ही पोरं जायच्या आधीचे दिवस काढायला इथं आली होती. ओवी पहिलीतली, विहान अजून "आजी"ला "आदी" म्हणणारा. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडवीत भाताची पोती, पोत्यांवर नितीनचा लॅपटॉप, लॅपटॉपच्या वायरीत विहानचा पाय. मी दिवसभर ओरडत होते, आणि ते ओरडणं मला किती आवडत होतं हे आत्ता सांगते.

मेलबर्न शहरात घर घेणं परवडणारं नव्हतं. तिथंही आपल्यासारखंच असतं म्हणे. माणसं लांब कुठंतरी राहतात आणि गाडीनं कामाला जातात. म्हणजे मेलबर्नच्या बाहेर, रेल्वेच्या रस्त्यावरचं, एक गाव शोधायचं होतं. त्या गावांची नावं अशी की जीभ दाताखाली यावी. मला एक धड म्हणता येईना. तेव्हा नितीननंच युक्ती काढली. तो या पुणे-लोणावळा रस्त्यावर वाढलेला. त्यानं मेलबर्नला पुणं केलं, आणि स्टेशन जेवढं लांब तसं त्या गावाला आपल्याकडचं नाव देऊन टाकलं. जवळचं ते देहू रोड, त्याच्या पुढं तळेगाव, मग कामशेत, आणि पार टोकाला लोणावळा.

मग काय, पोह्याच्या बशा हातात घेऊन आमची चर्चासत्रं सुरू झाली.

"आई, देहू रोडला शाळा चांगली आहे. स्टेशन पायी अंतरावर. पण घरं म्हणजे काडेपेट्या."

"आणि कामशेत?"

"कामशेतला घराच्या मागं ओढा आहे."

"ओढा नको रे बाबा, पोरं लहान आहेत. तळेगाव बघ."

बबनभाऊ खळ्यातून हे सगळं ऐकत होते. एके दिवशी ते पडवीत येऊन बसले नि म्हणाले, "कामशेतला जागा घ्यायची तर आमच्या मेव्हन्याला इचारा की. तितं त्येची लय वळख हाय." आम्ही सगळे हसत सुटलो. भाऊ मात्र गोंधळले. इतके दिवस त्यांची समजूत होती की पोरं परदेशात जायचं रद्द करून कामशेतला चाललीत. खरं काय ते सांगितल्यावर ते उठून खळ्याकडं निघाले. मग म्हणाले, "आसंच आसतं तर बरं झालं आसतं."

मीसुद्धा कमी घोळ घातले नाहीत. आमच्याकडं घर बघायचं म्हणजे पहिल्यांदा पश्चिमेची भिंत बघायची. आषाढात त्या बाजूनं जी झड बसते ती विटेतून आत येते. आम्ही दरवर्षी त्या भिंतीला बाहेरून पत्रे ठोकतो, तरी कपाटाला बुरशी येतेच. त्यामुळं प्राजक्ता घराचे फोटो दाखवायला लागली की मी विचारायचे, "पश्चिमेला खिडकी आहे का? मग नको." तीन-चार चांगली घरं मी अशीच नापास केली. शेवटी ती म्हणाली, "अहो आई, तिथं एवढा पाऊसच नाही. तिथं बघायची ती उत्तर बाजू. तिथं ऊन उत्तरेकडून येतं." आता ऊन उत्तरेकडून येतं म्हणजे काय! मला ते किती दिवस खरंच वाटेना. जिथं सूर्यसुद्धा आपल्या जागेवर नाही तिथं माझी नातवंडं राहणार, या विचारानं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझी आई सांगायची, मावळात पोर द्यायची तर घर बघू नये, पाणी बघावं. पाणवठा किती लांब, चढ आहे की उतार, एवढं विचारावं आणि मग होकार द्यावा. पोरीचं सगळं आयुष्य त्या वाटेवर जाणार असतं. आता पाणी नळाला येतं. पण आईचा प्रश्न माझ्या मनात राहिला होता, आणि मी प्रत्येक गावाच्या बाबतीत नितीनला तोच विचारत होते. स्टेशन किती लांब? गाडीत किती वेळ? परत यायला किती वाजणार?

त्याला या प्रश्नांची उत्तरं द्यायला आवडत नव्हती. कारण त्याच्या मनात लोणावळा भरला होता.

हे टोकाचं गाव खरंच सुंदर होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. मागं टेकड्या, पुढं हिरवळ, घराला अंगण. आणि मुख्य म्हणजे तळमजल्यावर, बाथरूमला लागून, एक जास्तीची खोली. नितीननं तिचा फोटो मोठा करून मला दाखवला. पांढऱ्या भिंती, एक पलंग, खिडकीबाहेर कसलंसं पिवळ्या फुलांचं झाड.

"ही तुझी," तो म्हणाला. "तू वर्षातले सहा महिने तिथं राहायचं. जिना चढायला नको, काही नको. मी फक्त तुझी खोली असलेलीच घरं बघतोय."

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? हे गेल्यानंतर या घरात संध्याकाळी दिवा लावला की माझीच सावली भिंतीवर फिरते, दुसरं कुणी नसतं. लोक म्हणतात, तुम्हाला गावची सवय, तुम्हाला तिकडं करमायचं नाही. अहो, करमलं असतं! पोरं जिथं आहेत तिथं मला स्मशानातसुद्धा करमलं असतं. तो फोटो मी प्राजक्ताकडून माझ्या फोनवर मागून घेतला. दुपारी सगळे झोपले की बघत बसायचे. खिडकीखाली देव्हारा ठेवायचा, पलंगाखाली तांदळाचा डबा, ओवीचं अंथरूण माझ्या शेजारी. मनातल्या मनात मी त्या खोलीत राहायलासुद्धा गेले होते.

आणि त्याच घरात राहायचं तर नितीनला उजाडायच्या आत गाडी पकडावी लागणार होती, आणि परत येईपर्यंत पोरं झोपलेली असणार होती.

हे मला माहीत होतं. मी ते बघायचं टाळत होते, एवढंच.

ह्यांची नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात होती. कंपनीची बस पहाटे नाक्यावर यायची. आम्ही काही राहायला गाव निवडलं नव्हतं. ह्यांची म्हातारी आई इथं, खाचर इथं, माझी नोकरी खऱ्या लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. हलणार कसं? हे अंधारात जायचे, ओव्हरटाइम करून अंधारात यायचे. नितीन तेव्हा विहानपेक्षा थोडा मोठा. बापाच्या घरी घालायच्या चपला दाराशी हललेल्या दिसल्या तर बाप येऊन गेला, एवढीच त्याला खूण.

ह्यांची एक पद्धत होती. डबा कधी पूर्ण संपवायचे नाहीत. भाकरीचा एक चतकोर आणि त्यावर थोडी चटणी किंवा गुळाचा खडा डब्यात तसाच परत आणायचे. नितीन सकाळी उठला की आधी डब्याकडं धावायचा. मी सांगायचे, "तुझ्या बाबांना वाटेत ससा भेटला होता. त्यानं दिलंय तुझ्यासाठी." मग ती वाळलेली भाकरी अशा चवीनं खायचा की ताज्या भाकरीला तोंड लावायचा नाही. ससा कुठं राहतो, त्याला भाकरी कोण करून देतं, सगळं मला विचारायचा. बापाला विचारायला बाप कुठं होता समोर!

रविवारी हे घरी असले की मात्र पोरगं लाजायचं. दाराआडून बघायचं. एकदा ह्यांनी हाक मारली, "अरे नितू, इकडं ये की." तर ते आत गेलं आणि तांब्याभांडं घेऊन आलं. पाहुणा आला की पाणी द्यायचं असतं ना, ते त्याला शिकवलं होतं. ह्यांनी पाणी पिऊन भांडं परत दिलं, आणि उठून खाचरावर गेले. माणूस जेवायलासुद्धा लवकर परत आला नाही त्या दिवशी.

त्यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही. पोट होतं, आणि पोटासाठी लांब जावं लागत होतं. पण ते पाण्याचं भांडं मी विसरलेली नाही.

कार्तिकातली ती संध्याकाळ होती. पाखडलेल्या भाताची रास खळ्यात पडली होती. ओवी आणि विहान पेंढ्यात लोळत होते, अंगाला खाज सुटेल म्हणून प्राजक्ता ओरडत होती. नितीन पोत्यावर बसून लोणावळ्याच्या घराचे कागद भरायला घेणार होता. मी सुपातले खडे वेचत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अरे, पण मग पोरांची नि तुझी भेट कधी होणार?"

"शनिवार-रविवारी होईल की," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "आणि मुलांना सवय होते गं आई. मला झालीच होती ना."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं तो ते म्हणाला. मला झालीच होती ना. मी सूप खाली ठेवलं.

"लोणावळा नको," मी म्हटलं.

"काय?"

"लोणावळा नको. देहू रोड घ्या."

"आई, तिथं दोनच खोल्या आहेत. मी सांगितलं ना तुला. तू आलीस तर राहणार कुठं?"

"मी कशाला येते? मला नाही जमायचं तिकडं. ऊन उत्तरेकडून येतं, मला दिशासुद्धा कळायच्या नाहीत. आणि इथलं भात कुणी बघायचं?"

प्राजक्ता पेंढ्याकडून आली होती. तिनं ऐकलं. तिला ते अंगण फार आवडलं होतं, आणि माझ्या खोलीचे पडदेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकले होते, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "म्हणजे आई, तुम्हाला आमच्याकडं यायचंच नाहीये. आम्ही आपले तुमच्यासाठी धडपडतोय."

आता काय सांगायचं? खरं कारण सांगितलं असतं तर नितीन म्हणाला असता, "छे, मी करतो सगळं मॅनेज," आणि लोणावळाच घेतलं असतं. पोरगं बापावर गेलंय. स्वतःचे हाल त्याला हाल वाटतच नाहीत. म्हणून मी तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "नाहीच यायचं. या वयात मला परक्या मुलखात फरफटवू नका." प्राजक्ता आत निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, पण भाताच्या कुसळानं डोळे तसेही लाल झालेले असतात, कुणाला काही कळलं नाही.

आमच्याकडं नवं भात गिरणीवरून आलं की पहिल्या दिवशी त्याचा दूधगुळाचा भात करतात. देवापुढं ठेवायचा आणि पहिला घास घरातल्या सगळ्यात लहान लेकराला भरवायचा. गेल्या वर्षी विहाननं तो घास थू करून माझ्याच पदरावर टाकला. ओवी म्हणाली, "आजी, मीपण लहानच आहे," आणि वाटी घेऊन बसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती सगळी गेली. उर्से टोलनाक्यापर्यंत मी त्यांच्या गाडीत बसून गेले, तिथं बबनभाऊ माझ्यासाठी मोटारसायकल घेऊन उभे होते. एवढा बोलका माणूस, पण येताना वाटभर नुसता हॉर्न वाजवत आला.

देहू रोडचं घर खरंच काडेपेटी आहे. फोनवर प्राजक्तानं सगळं फिरवून दाखवलं, आणि ते फिरवणं लगेच संपलं. "हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेतलाय आई," ती म्हणाली. मी म्हटलं, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ आम्हा दोघींनाही कळतो. ती माझ्याशी चांगलंच बोलते, विचारपूस करते, पण तिच्या मनात ते कुसळ अजून आहे. राहू दे. त्या पांढऱ्या खोलीचा फोटो मी अजून फोनमधून काढलेला नाही. आता तिथं दुसऱ्या कुणाची तरी आई राहत असेल.

काल भात गिरणीवरून आलं. आज मी दूधगुळाचा भात केला. थोडासाच करायचा म्हणून तांदूळ घेतले, तरी पातेलं भरलंच. इथं दुपार होते तेव्हा तिथं संध्याकाळ असते. पोरं खाऊ खात बसतात आणि प्राजक्ता फोन लावून त्यांच्यापुढं ठेवून देते. आज मी देवापुढची वाटी उचलून फोनसमोर धरली.

"विहान, हे बघ काय. नवा भात. तुझा मान पहिला. आ कर बघू."

त्यानं एवढा मोठा आ केला आणि तोंड स्क्रीनला असं चिकटवलं की मला नुसते दुधाचे दात दिसायला लागले. ओवी मागून ओरडली, "अरे, मागं हो ना, आजीला काहीच दिसत नाहीये!" मी हातात घास धरलेला. फोनपर्यंत नेला. आणि तेवढ्यात तिकडं दार वाजलं.

"बाबा आला!"

दोघं जी सुटली ती सुटलीच. फोन टेबलावर उताणा पडला. मला त्यांचं छत दिसत होतं, पांढरं, आणि पडद्याचं एक टोक. त्या छतावर उन्हाचा एक मोठा पट्टा होता.

एक्स्चेंजमध्ये आमचा नियम होता. ट्रंक कॉल लावायचा, "बोला, पार्टी लाइनवर आहे," म्हणायचं, आणि दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की आपण बाजूला व्हायचं. ऐकत बसायचं नाही. सगळी नोकरी मी तो नियम पाळला. आज नाही पाळला.

"बाबा, आधी डबा! आधी डबा दे!" ही ओवी.

"अगं बूट तरी काढू दे."

"सशानं काय दिलं?" हा विहान. 'ससा' त्याला नीट म्हणता येतं आता. "बाबा, सशानं आज काय दिलं?"

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. नितीन म्हणत होता, "स्टेशनवरच भेटला बघ मला. म्हणाला, हे ओवीला आणि हे विहानला. भांडायचं नाही." मग तिघंही काहीतरी खात होती, बोलत होती, ससा गाडीत बसला होता की चालत आला होता यावरून दोघांचं भांडण लागलं होतं, आणि त्यांचा बाप त्यांना उत्तरं देत होता. त्या सशाबद्दल तो मोठा झाल्यावर मी त्याच्याशी कधी काही बोलले नव्हते. मला वाटलं होतं, विसरला असेल.

माझी आठवण कुणालाच नव्हती. तेच तर मला हवं होतं. तरी मी फोन तसाच चालू ठेवला.

बबनभाऊ पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन दारावरून चालले होते. ते थांबले. "कोन बोलतंय वयनी? फोन चालू ऱ्हायलाय का?"

"पोरांचा बाबा घरी आलाय, भाऊ."

"आत्ता? तितं अंधार पडला आसंल न्हवं?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "तिथं अजून लख्ख ऊन आहे."

ते भारा घेऊन पुढं गेले. माझ्या हातातला घास गार झाला होता. तो मीच खाल्ला.